अभ्यासात एकाग्र असणारा मुलगा रात्री खाताना थांबत नाही: हा मनावरच्या ताब्याचा प्रश्न आहे का?

प्रश्न विचारणारे: एक पालक, खानापूर तालुका

नमस्कार. माझा मुलगा यंदा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, विज्ञान शाखेत आहे. एसएसएलसीपर्यंतचे (दहावीपर्यंतचे) त्याचे शिक्षण गावातच मराठी माध्यमातून झाले. आता तो रोज सकाळी सातच्या बसने बेळगावला जातो, कॉलेज सुटल्यावर टिळकवाडीत ट्यूशनला बसतो आणि घरी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजलेले असतात. सकाळच्या घाईत तो चहाखेरीज काही घेत नाही. दुपारचा डबा निम्मा परत येतो, कारण सुट्टी लहान असते आणि मित्र तोवर कॅन्टीनकडे निघालेले असतात. रात्री तो पोटभर जेवतो, पण अभ्यासाला बसल्यावर अकराच्या सुमारास त्याचे दुसरे खाणे सुरू होते. चिवड्याचा डबा टेबलावर येतो, उजवा हात गणिते सोडवत असतो आणि डावा हात न पाहता डब्यात जात राहतो. चिवडा संपला की बिस्किटे, आणि तीही नसली तर उरलेल्या चपातीवर तूपसाखर. गेल्या वर्षभरात वजन डोळ्यांत भरण्याइतके वाढले आहे.

नातेवाईक म्हणतात, जिभेवर ताबा नाही, दुसरे काय! मध्यंतरी एका लेखात असे वाचले की जी मुले गरजेपेक्षा जास्त खातात त्यांच्यात नियोजन, लक्ष आणि स्वतःला आवरण्याची बौद्धिक कौशल्ये कमी असतात. ते वाचून मी अस्वस्थ झालो, पण मला ते पटतही नाही. हाच मुलगा बुद्धिबळाच्या पटासमोर तास-दीड तास हलत नाही. मग त्याच्या विचारशक्तीत काही उणीव आहे असे मानावे का? की दिवसभर इंग्रजीतून शिकताना मन थकते आणि रात्रीपर्यंत संयमाचा साठा संपून जातो? मोबाईलवर मेंदूच्या व्यायामाचे खेळ मिळतात, त्यांचा उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: मानसशास्त्राची प्राध्यापिका, बेळगाव

नमस्कार. आपण वाचलेल्या लेखातील विधान खोटे नाही, पण एका मुलाला लावण्यासारखेही नाही.

संशोधक ज्यांना कार्यकारी कौशल्ये म्हणतात त्यांत प्रामुख्याने तीन गोष्टी येतात: आपोआप घडू पाहणारी कृती थोपवणे, चालू कामाला लागणारी माहिती मनात धरून ठेवणे, आणि परिस्थिती बदलली की विचाराची दिशा बदलणे. यांची मोजणी बहुधा संगणकावर होते. एका चाचणीत एक खूण दिसली की झटकन बटण दाबायचे आणि दुसरी दिसली की हात आवरायचा असतो. दुसरीत ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. ही चाचणी १९३५ पासून प्रसिद्ध आहे. स्थूल किंवा अनियंत्रित खाणाऱ्या किशोरांचा गट आणि इतरांचा गट यांची अशा चाचण्यांवर तुलना केली की बऱ्याच अभ्यासांत पहिल्या गटाची सरासरी, विशेषतः कृती थोपवण्यात, थोडी कमी भरते. फरक लहान असतो, काही ठिकाणी तो आढळतही नाही, आणि दोन्ही गटांतील मुलांचे गुण एकमेकांत इतके मिसळलेले असतात की नुसत्या गुणपत्रिकेवरून कोण कोणत्या गटातला हे ओळखता येत नाही. शिवाय यांतील बहुतेक अभ्यास एकाच वेळी केलेल्या मोजणीचे आहेत. संयम कमी म्हणून खाणे वाढले, की अपुरी झोप, खिन्नता किंवा घरची ओढाताण यांनी संयम आणि खाणे दोन्ही बिघडवले, हे त्यावरून ठरत नाही.

बुद्धिबळाविषयीचा आपला मुद्दा मला फार योग्य वाटतो. शांत डोक्याने पटावरची चाल शोधणे आणि पोट रिकामे असताना समोरच्या चमचमीत पदार्थावरून हात मागे घेणे, यांत कौशल्ये काही प्रमाणात तीच असली तरी परिस्थिती वेगळी असते. दुसऱ्या प्रसंगी भूक, आवड आणि मनःस्थिती एका बाजूला ओढत असतात. त्यात हे वय असे की मेंदूचा पुढचा भाग, ज्यावर नियोजन आणि आवर अवलंबून असतो, विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. सुखद गोष्टींची ओढ मात्र सोळा-सतराव्या वर्षी जोरात असते. त्यामुळे पहिल्या प्रसंगातील हुशारीवरून दुसऱ्या प्रसंगातील वागणे सांगता येत नाही, आणि दुसऱ्यावरून पहिल्यात उणीव आहे असेही म्हणता येत नाही. एवढेच काय, संगणकावरील चाचणीचे गुण आणि पालकांनी मुलाच्या रोजच्या वागण्याबद्दल भरलेली प्रश्नावली यांचाही आपसांत फारसा मेळ बसत नाही.

लहान मुलासमोर मिठाईचा तुकडा ठेवून ‘मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ असे सांगण्याचा प्रयोग अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केला. जी मुले जास्त वेळ थांबली ती पुढे आयुष्यात अधिक यशस्वी ठरली, असा त्याचा बोलबाला झाला आणि पालकसभांतून तो आजही सांगितला जातो. मात्र २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवरून तीच तपासणी पुन्हा झाली, तेव्हा घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक तयारी हिशेबात घेतल्यावर थांबण्याच्या वेळेचा पुढील शालेय प्रगतीशी असलेला संबंध बराच घटला. त्याआधी, २०१३ मध्ये, रॉचेस्टर विद्यापीठातील एका छोट्या प्रयोगात काही मुलांना आधी दिलेला शब्द मोठ्यांनी मुद्दाम मोडला. ती मुले सरासरी तीन मिनिटे थांबली आणि ज्यांच्याबाबत शब्द पाळला होता ती सुमारे बारा मिनिटे. म्हणजे मुलाचे थांबणे हे समोरच्यावरील भरवशावरही अवलंबून असते.

संयमाचा साठा संपतो ही कल्पना १९९८ पासून लोकप्रिय आहे, परंतु २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी ती तपासणारा एकच प्रयोग एकत्रितपणे केला तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्यामुळे इंग्रजी माध्यमाला दोष देण्याची मी घाई करणार नाही. त्याचा ताण खरा आहे, पण रात्रीच्या खाण्याचे कारण त्याहून सोपे असू शकते. मेंदूच्या खेळांबाबत सांगायचे तर मुले सरावाने त्या खेळांत तरबेज होतात, पण ती सुधारणा रोजच्या जगण्यात उतरते असा भक्कम पुरावा नाही. खाद्यपदार्थांची चित्रे दाखवून हात आवरायला शिकवणाऱ्या सरावाचा तात्पुरता परिणाम काही अभ्यासांत दिसला आहे. वजनावर टिकाऊ परिणाम होतो असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही.

उत्तर: तालमीतला जुना माणूस, शहापूर

वरील मजकूर आदराने वाचला. विद्वानांचे प्रयोग असतील, पण माझे मत जरा निराळे आहे. आमच्या तालमीत सोळा-सतरा वर्षांची पोरे असत आणि भूक म्हणजे काय हे त्यांना विचारावे. तरीही वस्तादांनी ठरवल्याखेरीज कोणी तोंडात काही टाकत नसे. पहाटे उठणे, जोर-बैठका, मग दूध आणि थंडाई, दुपारी जेवण, सायंकाळी लढती, रात्री लवकर जेवण आणि नऊ वाजता दिवे बंद. आजच्या मुलांना कोणी ‘नाही’ म्हणत नाही, हे खरे दुखणे आहे. शिस्त लावली की ताबा आपोआप येतो, असे माझे अनुभवाचे मत आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ज्यांनी तालीम सोडली, नोकरीला किंवा धंद्याला लागले, त्यांतील कितीतरी जण पुढे तेवढेच खात राहिले आणि सुटले. शिस्तीत वाढलेली माणसे असूनही असे का व्हावे, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

उत्तर: मानसशास्त्राची प्राध्यापिका, बेळगाव

आपण विचारलेला प्रश्न या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. तालमीत त्या मुलांना रात्री अकरा वाजता चिवड्याच्या डब्यासमोर बसून स्वतःशी झगडावेच लागत नव्हते. डबा नव्हता, अकरा वाजता जागरण नव्हते आणि दिवसा पोट रिकामे नव्हते. ताबा माणसांत जितका होता त्याहून अधिक तो वेळापत्रकात होता, आणि वेळापत्रक सुटल्यावर तो त्याच्याबरोबर गेला. व्यायाम बंद झाला हे कारण अर्थातच आहे, पण केवळ तेवढेच नाही.

याला संशोधनाचा आधार आहे. जर्मनीत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०५ प्रौढांना दिवसभरात अधूनमधून विचारले गेले की या क्षणी तुम्हाला कशाची इच्छा होत आहे आणि तुम्ही तिला विरोध करत आहात का. ज्यांचा संयम चांगला समजला जातो अशी माणसे मोहाशी जास्त झुंजत असतील, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला असे झगडे कमी येत होते. मोह समोर येणारच नाही अशी त्यांच्या दिवसाची मांडणी होती, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून ‘नाही’ म्हणण्यास माझा विरोध नाही. तो शब्द दुकानातून सामान आणताना आणि घड्याळ लावताना वापरला तर चालतो. मुलाच्या हातात घास असताना वापरला तर बहुधा चालत नाही.

उत्तर: एक आई, निपाणी

माझी मुलगी आता पदवीच्या वर्गात आहे. ती पीयूसीला असताना घरातल्या एका लग्नात कोणीतरी तिच्या अंगावरून काही बोलले आणि तिने स्वतःहून जेवण कमी केले. सकाळी काही नाही, दुपारी एक चपाती, भात बंद. आम्हाला आधी कौतुकच वाटले की पोरीचा निश्चय दांडगा आहे. थोड्याच दिवसांनी तिच्या कपाटात, स्वेटरच्या घडीखाली, वेफर्सची आणि कुंद्याची रिकामी पाकिटे सापडू लागली. घरात सगळे झोपल्यावर ती खायची आणि नंतर रडायची. पुढे धारवाडला एका समुपदेशकांकडे जाणे झाले. त्यांनी पहिली सूचना केली ती खाणे कमी करण्याची नव्हती, तर तीन वेळा नीट जेवण्याची आणि मधल्या वेळी काहीतरी खाण्याची. आम्हाला हे उलटेच वाटले होते, पण दिवसाचे जेवण सुरळीत झाल्यावर रात्रीचे प्रसंग हळूहळू विरळ झाले.

म्हणून दादा, आपल्या मुलाचा सकाळचा नाश्ता आणि अर्धा परत येणारा डबा यांकडे आधी पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. आणखी एक विनंती. घरात कोणीही, अगदी मायेनेसुद्धा, त्याच्या अंगावरून थट्टा करू नये. आमच्या भागात ‘काय रे, गणपती झालास की’ असे सहज बोलून जातात आणि बोलणारा विसरतोही.

उत्तर: बालरोगतज्ज्ञ, चिकोडी

निपाणीच्या ताईंनी जे लिहिले आहे ते वैद्यकीय दृष्टीनेही बरोबर आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला होता. ते स्वखुशीने सहभागी झालेले, मनाने खंबीर तरुण होते. तरीही त्या काळात त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरे काही राहिले नाही, आणि पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावर त्यांपैकी काही जण पोट भरल्यानंतरही थांबू शकत नव्हते. दिवसभर उपाशी राहणाऱ्या मुलाने रात्री जास्त खाणे ही चारित्र्यातील खोट नाही, शरीराने केलेली वसुली आहे.

झोपेकडे आपण सर्वांनी दुर्लक्ष केलेले दिसते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. सातची बस पकडायची म्हणजे पहाटे साडेपाचला उठणे आले. अभ्यास साडेबारापर्यंत चालत असेल तर झोप पाच तासांच्या आसपास राहते. २००४ मध्ये बारा तरुण पुरुषांवर केलेल्या एका प्रयोगात दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिल्यावर तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळले. प्रयोग लहान होता, पण अपुऱ्या झोपेने खाणे वाढते ही गोष्ट नंतरही पुष्कळदा दिसून आली आहे. ज्या लक्ष आणि संयमाविषयी आपण येथे बोलत आहोत, तेही जागरणानेच सर्वांत आधी ढासळतात.

पदार्थाचा स्वतःचा वाटाही मोठा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खाऊ दिले. ताटात वाढलेल्या अन्नातील साखर, स्निग्ध पदार्थ आणि उष्मांक दोन्ही वेळा सारखेच ठेवले होते. तरीही पहिल्या प्रकारात ती माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली. तीच माणसे, तोच संयम, फरक फक्त ताटाचा. आपल्याकडे कॉलेजच्या फाटकासमोर गोबी मंचुरीचा गाडा असतोच. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने त्यातील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ते योग्यच झाले, पण रंग गेला म्हणून तळलेल्या मैद्याचे प्रमाण कमी होत नाही.

आता काळजी केव्हा करावी ते सांगतो. अनावर खाण्याचा विकार २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. थोड्या अवधीत, म्हणजे साधारण दोन तासांत, इतर लोक खातील त्याहून निश्चितपणे जास्त खाणे आणि त्या वेळी आपण थांबूच शकत नाही अशी जाणीव होणे, हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने होत असेल, आणि त्यासोबत भराभर खाणे, भूक नसताना खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, लाजेने एकट्याने खाणे, नंतर स्वतःची किळस वाटणे यांपैकी किमान तीन गोष्टी व मोठा मनस्ताप असेल, तर तो विकार समजतात. लहान मुलांत आणि किशोरांत खाण्याचे प्रमाण फार नसले तरी ताबा सुटल्याची जाणीव महत्त्वाची मानावी. आपला मुलगा सर्वांसमोर, गणिते सोडवत चिवडा खातो, हे वर्णन मला या विकाराचे वाटत नाही. ते भूक, जागरण आणि सवय यांचे वाटते. खाण्यानंतर मुद्दाम उलटी करणे, जुलाबाची औषधे घेणे, उदास राहणे, किंवा मानेवर काळपट जाडसर त्वचा दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास मात्र थांबू नये. लहानपणापासूनच चंचलता आणि विसराळूपणा असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण अवधानाच्या विकाराबरोबर अनावर खाणे अधिक आढळते.

वजन नुसत्या नजरेने ठरवू नये. अठरा वर्षांपर्यंत वय आणि लिंगानुसार वाढीचे तक्ते पाहावे लागतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी ते प्रसिद्ध केले आहेत. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी स्नेहा क्लिनिक असते, तेथे उंची-वजन पाहून सल्ला मिळतो. मनाची तक्रार असल्यास टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

प्रश्न विचारणाऱ्या पालकांचे पुन्हा लेखन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाशी शांतपणे बोललो. डबा परत का येतो, याचे त्याने सांगितलेले कारण मला ठाऊक नव्हते. चपाती-भाजी खायला हात धुवावे लागतात, नळापाशी गर्दी असते आणि तोवर घंटा होते. आता त्याची आई चपातीत भाजी गुंडाळून कागदात देते आणि सकाळी बससाठी दोन उकडलेली अंडी व केळे. चिवडा आम्ही विकत आणणे थांबवलेले नाही, कारण घरात आजी-आजोबांना तो लागतो. मात्र तो डबा आता आजीच्या खोलीत असतो. अडचण दोन ठिकाणी उरली आहे. आजी नातवाला रात्री स्वतःहून हाक मारून खायला देते, आणि परीक्षेच्या दिवसांत तो साडेबाराआधी झोपायला तयार होत नाही. त्याच्याकडून रात्री काहीच न खाण्याचे वचन घ्यावे का?

उत्तर: मानसशास्त्राची प्राध्यापिका, बेळगाव

वचन घेऊ नये. ‘काहीच खाणार नाही’ असे ठरवणाऱ्याच्या हातून पहिला घास गेला की ‘आता मोडलेच आहे’ म्हणून उरलेलाही संपवला जातो. स्वतःवर कडक बंधने घालून जेवणाऱ्यांत हे १९७० च्या दशकापासून वारंवार आढळले आहे. त्याऐवजी प्रसंग आणि कृती यांची जोडी त्याला स्वतःलाच ठरवू द्यावी. उदाहरणार्थ, अकरा वाजता भूक लागली तर वही मिटायची, स्वयंपाकघरात जाऊन शेंगदाणे किंवा दूध-पोहे वाटीत घ्यायचे, तेथेच बसून खायचे आणि मग परत यायचे. अशा नेमक्या योजना मोघम निश्चयापेक्षा अधिक पाळल्या जातात, आणि खाणे व गणित एकमेकांपासून सुटे होतात, हा आणखी एक लाभ. अन्न न पाहता खाल्ले की किती खाल्ले याची आठवण नीट राहत नाही आणि पुढच्या वेळीही जास्त खाल्ले जाते.

आजींना थांबवण्याचा प्रयत्न करू नये, ते घडणार नाही आणि घडावे असेही नाही. त्यांची हाक रात्री साडेआठला, तो घरात पाऊल टाकतो तेव्हा यावी एवढे पाहावे. त्या वेळी त्याला खरोखर भूक असते. परीक्षेच्या काळात झोपेचा एक तास वाचवायचा असेल तर रात्रीच्या शेवटच्या तासाचे पाठांतर बसमधील वेळेत हलवता येते का, हे त्याच्याशीच बोलून पाहावे. घरात वजनकाटा असल्यास त्यावर दर रविवारी उभे करू नये. उंची अजून वाढत असेल, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी डॉक्टरांनी तक्त्यावर दोन्ही नोंदी एकत्र पाहिल्या तर तेवढे पुरे आहे.